आत्याचा भोपळा पेठच्या डोंगरात

लिहायला सात महिने लावले, हे आधीच कबूल करून टाकतो. वैशाखात पेठच्या डोंगरातून परत आलो, आता मार्गशीर्ष लागला. आमच्या आळीचं हस्तलिखित मासिक काढणारा नाना दर महिन्याला माझ्यासाठी दोन पानं कोरी सोडतो आणि शेवटी त्यांवर निमूटपणे वेलबुट्टी काढतो. त्याला कधी सांगितलं शाई संपली, कधी सांगितलं बोट कापलं. खरं कारण वेगळंच होतं. अंक तयार झाला की नाना ओट्यावर बसून तो सगळ्या आळीला मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि त्या ओट्याच्या कडेला माझी आत्या बसलेली असते.

आत्याला मी सांगितलंय की तिचा भोपळा दमणगंगेच्या डोहात माझ्या पाठीवरून सुटला आणि वाहून गेला. तो वाहून गेलेला नाही.

हां, लिहून टाकलं. आता पुढचं सोपं.

परगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. आमचं घर पंचवटीत, गंगेपासून हाकेच्या अंतरावर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. इथलं पोर पोहायला शिकतं ते पाठीला सुका भोपळा बांधून. आत्याचा भोपळा तिनं स्वतः परसात लावलेल्या वेलाचा, चांगला घागरीएवढा, कुठंही न कापलेला. हलवला की आत बिया खुळखुळतात. तो वेलावर असताना त्याला बोट दाखवायची आम्हाला बंदी होती. सरळ बोट दाखवलं तर कोवळा भोपळा सडतो, म्हणून बोट वाकडं करून दाखवायचं. आत्या घाटावर फुलं विकते. तिला मूलबाळ नाही, मला तिनंच वाढवलं. आळीतली निम्मी पोरं त्या भोपळ्यावर तरंगायला शिकली. त्याच्या एका अंगाला बोटभर खोक आहे, ती माझी करणी. नवव्या वर्षी भोपळ्यासकट घाटाच्या पायरीवर आपटलो होतो. आत्यानं आधी भोपळा पाहिला, मग मला.

तर जायचं कसं ठरलं ते सांगतो.

नानासाठी कागद आणायला देवळाली कॅम्पात गेलो होतो. तिथं बाजारात रहीमचाचांचं रद्दीचं दुकान आहे. गोऱ्या साहेबांच्या क्लबातली जुनी इंग्रजी मासिकं त्यांच्याकडे येतात, आणि मी कागद विसरून ती चाळत बसतो. त्या दिवशी एका पानावर चित्र दिसलं आणि माझा हात थांबला. एक चेहरा. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, गाल फुगलेले, कपाळावर कोरलेल्या रेघा, आणि एका कानापासून डोळ्यापर्यंत गेलेली भेग दोऱ्यानं शिवलेली. माझं इंग्रजी तिसरीतच सुटलं. तरी अक्षर अक्षर जुळवून खालचं नाव वाचलं: योरूबा. बाकीच्या मजकुरातून मला उमगलं ते एवढंच, की हे लोक आफ्रिकेत राहतात, भोपळा कापून त्याचं तोंड करतात आणि सणाला ते चढवून नाचतात. यात काही चुकलं असेल तर जाणत्यांनी दुरुस्त करावं.

"काय बघतोस एवढं?" रहीमचाचा म्हणाले. "भोपळा आहे तो. तुमच्या पेठकडे पण देवी नाचते भोपळ्याची."

"काहीतरीच काय, चाचा!"

"लाकडं घेऊन येणाऱ्या गाडीवाल्यानं सांगितलं मला. बोहाड्यात नाचते. खोटं वाटतं तर जाऊन बघ. ते पान फाडून ने, पैसे नको. पण बघून आलास की मला येऊन सांगायचं, खरं काय ते."

कागद न घेताच परत आलो. नाना काय बोलला ते इथं लिहीत नाही.

बोहाडा म्हणजे डोंगरातल्या गावांची सोंगांची जत्रा. देवादिकांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर गावातून नाचत जायचं. ती वैशाखात असते, म्हणजे उन्हाचा कहर. वाटेत दमणगंगेचे डोह लागतात असं ऐकलं होतं. म्हणून आत्या घाटावर गेल्यावर तुळईला टांगलेला भोपळा काढला, पाठीला बांधला आणि निघालो. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. एवढंच.

पेठला सर्व्हिस मोटार जाते. बारा आणे पडतात आणि ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं तर वर एक विडी. सकाळची गाडी धरा; दुपारची मिळाली तर पत्रा तापून भाकरीसारखे भाजून निघाल. रामशेजचा किल्ला दिसला तेव्हा मला उतरून वर जावंसं वाटलं, पण गाडी थांबेना. सावळ घाटात मात्र तिला धाप लागली. आम्ही सगळे उतरलो, ड्रायव्हरनं मोटारीला पाणी पाजलं, आणि तेवढ्यात मी करवंदांच्या जाळीत शिरलो ते एवढा आत गेलो की हॉर्न वाजवून मला बोलवावं लागलं. खिसे जांभळे, सदरा जांभळा. एक म्हातारी म्हणाली, "भोपळा बांधून करवंदात पोहायला गेलता का रं?" गाडी पेठला पोहोचेपर्यंत लोक हसत होते.

पेठच्या बाजारात चहा घेताना मी भोपळ्याच्या देवीची चौकशी केली. चहावाला म्हणाला, "ती आंबपाड्याची. सोन्याबाबाच्या घरची. पन यंदा नाय निघायची."

"का?"

"तोंडच नाय तिला. उंदरांनी खाल्लं."

आंबपाडा तिथून चार कोस, सगळं चालत. पाण्याची सोय करून निघा, कारण मधला ओढा वैशाखात नुसता दगडांचा असतो. मी डोहात डुंबायला थांबलो, म्हणून पोहोचायला तिसरा प्रहर झाला. हाच तो डोह, ज्यात भोपळा वाहून गेल्याचं मी आत्याला सांगितलं. खरं म्हणजे त्या पाण्याला वाहायची ताकदच नव्हती, कमरेएवढं होतं.

सोन्याबाबा अंगणात कुडाला टेकून बसले होते. साठीच्या पुढचा वाळका माणूस, हात मात्र मोठाले. त्यांचा मुलगा लखमा शेजारी पायांत चाळ बांधून पाहत होता आणि पुन्हा सोडत होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला कोण, कुठला, कशाला, असं इथं कुणी विचारत नाही. आधी पाणी, मग नागलीची भाकरी, उडदाचं कालवण आणि कैरीची फोड. ती भाकरी पहिल्या घासाला घशात अडते. तिसऱ्या घासाला कळतं की आपण आजवर उगाच गव्हाचं कौतुक केलं.

जेवताना सगळं कळलं. इथली बाकीची सोंगं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची. देवीचं तेवढं भोपळ्याचं, आणि ते नाचवायचा मान सोन्याबाबांच्या घराचा. त्यांच्या बापानं नाचवली, बापाच्या बापानं नाचवली, आता लखमा नाचवतो. आठ दिवसांपूर्वी मुखवटा माळ्यावरून काढला तर उंदरांनी नाक, गाल, सगळं कुरतडलेलं. नवा करायचा तर यंदा त्यांच्या वेलाला कीड लागलेली, भोपळे बोटाएवढे असतानाच गळले. गावातले बाकीचे भोपळे कुणी पाण्याला कापलेले, कुणी बियाण्याला. ज्या भोपळ्यात काही भरलं, त्याची देवी होत नाही. आणि उद्या सूर्य उगवायच्या आत देवी निघाली नाही, तर मान दुसऱ्या घराला जायचा. एकदा गेलेला मान परत येत नाही.

हे सांगून होईपर्यंत गावचे पाटीलही येऊन बसले होते. माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. "सोन्या," ते म्हणाले, "मी काय करू? मला का हौस हाय?"

 सोन्याबाबा माझ्या पाठीकडं बघत होते.

"पाव्हण्या, ते काय बांधलंस?"

मी भोपळा सोडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो कानाशी धरून हलवला, बिया ऐकल्या, वास घेतला, बुडापासून देठापर्यंत अंगठा फिरवला. लखमा उठून उभा राहिला होता.

"ह्यात कधी काय भरलं?"

"काही नाही. हवाच. ह्याला बांधून पोहतात."

"इकत घेतला?"

"नाही, घरचा आहे."

"लावला कोनी?"

"आत्यानं."

"तिनं दिला?"

मी लखमाकडं पाहिलं, पाटलांकडं पाहिलं. "हो," म्हणालो, "दिला."

मला वाटलं, साधी चौकशी आहे. ती साधी नव्हती. सोन्याबाबांनी भोपळा मांडीवर घेतला आणि पाटलांना म्हणाले, "ऐकलं ना? लावनारीनं दिला." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "ज्या वेलाचा भोपळा, ते देवीचं माहेर. आजवर आमचंच छप्पर तिचं माहेर व्हतं. आता तुझ्या आत्याचं घर झालं. लय लांब माहेर दिलंस रं तिला."

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. पण लखमा माझ्या पायाशी वाकला होता आणि आत कुणीतरी हसत रडत होतं. 

काम लगेच सुरू झालं. वेळ काढायला म्हणून मी खिशातलं मासिकाचं पान त्यांना दाखवलं. सोन्याबाबांनी ते उजेडात धरलं आणि कितीतरी वेळ हललेच नाहीत.

"कोनतं गाव हे?"

"आफ्रिका. समुद्राच्या पलीकडं. बोटीनं जावं लागतं."

"ह्याचाबी फुटला व्हता," त्यांनी शिवलेल्या भेगेवरून नख फिरवलं. "टाकला नाय त्यानं. शिवला." मग पान उलटसुलट करून म्हणाले, "लखमा, बघ. ह्यानं देठाचं अंग हनवटीला घेतलंय. आपन कपाळाला घेतो. ह्याचंच बरोबर. घाम उतराया जागा ऱ्हाती."

"मंग?" लखमा म्हणाला.

"मंग काय? आपनबी तसंच करू. शहान्या मान्साचं ऐकाया गाव बघायचं अस्तं का?"

आणि त्यांनी आत्याचा भोपळा उलटा धरला. आफ्रिकेतल्या त्या कारागिराला कुणी कधी सांगेल का, की त्याच्या हाताचं एक वळण पेठच्या डोंगरात उचललं गेलं? मला तेव्हा अंगावर काटा आला होता, आत्ता लिहितानाही येतोय.

भोपळा बारीक करवतीनं उभा कापला. बिया सुपात पडल्या. त्या सोन्याबाबांनी फडक्यात बांधून वळचणीला खोचल्या. आतला भुसा शिंपल्यानं खरवडला. तापलेल्या सळईनं डोळ्यांच्या चिरा पाडल्या, तेव्हा जळक्या भोपळ्याचा गोडसर वास अंगणभर झाला. चिंचोक्याच्या खळीत चिंध्या भिजवून नाक उभं केलं, भुवया उठवल्या. मग चुना, गेरू, हळद, काजळी. मी समोर बसून पाहत होतो आणि मला सारखं वाटत होतं की सोन्याबाबा काही नवीन घडवत नाहीत. आत कुणीतरी आधीपासून आहे, तिच्यावरचं ते फक्त बाजूला करतायत. भोपळा उलटा धरल्यामुळं माझी ती खोक नेमकी डाव्या गालावर आली होती.

"भरून टाकू?" लखमानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे," सोन्याबाबा म्हणाले. "खळी हाय ती. हसती तवा पडंल."

त्या रात्री गावात सोंगं निघाली. गणपती आला, मारुती आला, टेंभ्यांच्या उजेडात राक्षस आले. त्यांचं वर्णन दुसरे करतील. मी अर्धवट जागा होतो आणि माझं लक्ष एकाच दाराकडं होतं. पूर्वेला पांढरं फुटायला लागलं तसा संबळाचा ताल बदलला. दुडक्या चालीचा ताल एकदम लांब, जड झाला. माणसं आपोआप मागं सरकली आणि दारातून देवी बाहेर आली.

मला ठाऊक होतं तो लखमा आहे. त्याच्या पायांतले चाळ मी पाहिले होते, त्याच्यासोबत भाकरी खाल्ली होती. मला हेही ठाऊक होतं की तो चेहरा म्हणजे आमच्या तुळईला टांगलेला भोपळा. यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. ती पुढं आली, थांबली, मान हळूच वळवली, आणि त्या दोन चिरांमधून तिनं माझ्याकडं पाहिलं. मग आतून हुंकार आला. भोपळ्याच्या पोकळीत घुमून आलेला तो आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचा नव्हता. विहिरीत वाकून हाक मारावी आणि कुणीतरी खरंच ओ द्यावी तसा होता. माझे गुडघे आपोआप टेकले. शेजारी पाटील टेकलेले, मोटारीतली ती करवंदवाली म्हातारीही टेकलेली. सूर्याची पहिली तिरीप मुखवट्यावर पडली आणि डाव्या गालावर खळी पडली. ती हसली. शपथेवर सांगतो, हसली.

उजाडल्यावर मुखवटा उतरवून पाटावर ठेवला, लोकांनी ओट्या भरल्या. मला त्या चेहऱ्याकडं बघवेना. गर्दी ओसरल्यावर सोन्याबाबांच्या शेजारी जाऊन बसलो आणि सांगून टाकलं. "बाबा, आत्यानं दिला नव्हता. मी न विचारता आणला."

 त्यांनी चुन्याची डबी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"ठाव हाय मला," शेवटी म्हणाले. "दिलेली वस्तू मानूस अशी घट्ट धरून बसत नाय."

"मग काल बोलला का नाहीत?"

"तू खोटं बोललास, मी आयकून घेतलं. दोघांचं सारखंच." त्यांनी मुखवट्याकडं पाहिलं. "देवी नाचून गेली. आता घरी जा आन् आत्याला इचार. दिला म्हनली, तर ती इथं नांदंल. नाय म्हनली, तर रंग पुसून, दोन्ही शकलं जुळवून मी तिचा भोपळा तिला परत करीन. मान गेला तर गेला. पावसाआधी निरोप दे."

मी माझं नाव, पंचवटीतलं घर, आत्याची फुलं, सगळं सांगितलं आणि देवीच्या पायांची शपथ घेतली. येताना सावळ घाटात मोटार पुन्हा थांबली, पण करवंदांत गेलो नाही.

घरी आलो. आत्यानं रिकाम्या तुळईकडं पाहिलं, मग माझ्या रिकाम्या पाठीकडं. "भोपळा?" म्हणाली. आणि मी तोंड उघडलं तर बाहेर आलं, "वाहून गेला गं." ती एवढंच म्हणाली, "तू आलास ना." दोन दिवस मात्र जेवायला वाढताना बोलली नाही. पाऊस आला, पाऊस गेला. आंबपाड्याला निरोप गेला नाही. रहीमचाचांना मात्र जाऊन सांगितलं की खरं आहे. त्यांनी विचारलं, "देखा?" मी म्हटलं, "तिनंच मला पाहिलं."

जायचं असेल तर जा. वैशाखात, सकाळच्या मोटारीनं. पाण्याची सोय ठेवा, नागलीच्या तिसऱ्या घासाची वाट बघा, आणि संबळाचा ताल बदलला की डोळे मिटू नका. कुणी काही विचारलं तर खरं सांगा. माझ्यापाशी या प्रवासातलं काय उरलं म्हणाल तर त्या दोन चिरा. घाटावरून जाताना, पोरांना दुसऱ्याच कुणाच्या भोपळ्यावर पोहताना पाहिलं की त्या माझ्याकडं बघतात. म्हणून शेवटी लिहायला बसलो. नाना ओट्यावर हे वाचेल, आत्या ऐकेल, आणि मग ती काय म्हणायचं ते म्हणेल. तोंडानं सांगायची हिंमत नाही, तर निदान

बाहेर कुणीतरी आलंय. पेन खाली ठेवलं होतं, पुन्हा उचललं, कारण पाय उठत नाहीत. आत्यानं दार उघडलं आणि जो आवाज आला तो मी हजारांत ओळखीन.

"बाई, फुलवाल्या आत्याचं घर हेच का? वसंता हितंच ऱ्हातो? आंबपाड्याहून आलो. चार मान्सं इचारीत इचारीत." मग फडकं सोडल्याची सळसळ. "हा भोपळा तुमचा हाय का, तेवढं बघून सांगा. तुमचा असंल, तर आमच्या देवीचं माहेर हेच."

  माझ्या खिडकीतून आत्याची पाठ दिसतेय आणि पुढं झालेला हात. तिचं बोट गालावरच्या खोकेवरून फिरतंय. सरळ नाही, वाकडं करून.

"वसंताऽ!"

हे एवढं लिहितो आणि उठतो.

"अरे, लिहीत काय बसलायस? तांब्याभर पाणी आण पायांवर घालायला, आणि ओवाळायला भाकरीचा तुकडा. पोर दारात उभी आहे. तुझं मग बघते!"